ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी आडवी कशी घालायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावपासून मुलुंडपर्यंत खेळणाऱ्या मित्रमंडळींकडून हे प्रश्न सतत येतात. बहुतेक जण फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांचा व्हिडिओ गेम खेळतात, म्हणून उदाहरणं त्यातलीच घेतली आहेत. ग्रॅन टुरिस्मो ७ किंवा असेटो कोर्सा या दुसऱ्या गेममध्ये सेटिंगचे आकडे बदलतील, पण गाडीचा स्वभाव तोच राहील. एडब्ल्यूडी म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी; ड्रिफ्ट म्हणजे गाडी आडवी घसरवत वळण काढणं.

एडब्ल्यूडी गाडीने खरंच ड्रिफ्ट होतो का? सगळे तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्याच घेतात.

होतो, आणि फार सुंदर होतो. फक्त तो वेगळ्या जातीचा ड्रिफ्ट आहे हे आधी मान्य करा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे आरडब्ल्यूडी गाडीत गॅस (ॲक्सिलरेटर) दिला की मागचा भाग आणखी बाहेर सरकतो. एडब्ल्यूडीत गॅस दिला की पुढची चाकंही ओढायला लागतात आणि ती जिकडे वळलेली असतील तिकडे गाडीचं नाक खेचून नेतात. म्हणजे आरडब्ल्यूडीत गॅसने अँगल, म्हणजे गाडीचा आडवेपणा, वाढतो, तर एडब्ल्यूडीत तो बहुतेक वेळा मिटत जातो.

बाकीचं सगळं यातूनच निघतं. एडब्ल्यूडीत अँगल वळणात शिरल्यावर गॅसने मिळत नाही. तो वळणाच्या आधीच, गाडीच्या वजनाच्या झोकाने मिळवायचा असतो. गॅस तो अँगल टिकवतो आणि गाडी पुढे नेतो. आरडब्ल्यूडीवर हात बसलेल्यांना हे पचायला सर्वांत जड जातं, कारण त्यांची बोटं अडचण आली की ट्रिगर (कंट्रोलरवरचं गॅसचं बटण) दाबतात.

मी वळणावर फुल गॅस देतो आणि गाडी सरळ जाऊन भिंतीला धडकते. काय चुकतंय?

गॅसची वेळ चुकतेय. शंभरातल्या नव्वद जणांची तक्रार हीच असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टायरकडे ग्रिप मर्यादित असते. ती वळायला वापरा, ब्रेकला वापरा किंवा गाडी पुढे ढकलायला वापरा. एकूण मिळणार तेवढीच. एडब्ल्यूडीत पुढच्या टायरांवर दोन कामं असतात, वळवणं आणि ओढणं. वळणाच्या तोंडाशी तुम्ही गॅस पूर्ण दाबला की ओढण्यातच पुढच्या टायरांची ग्रिप संपते आणि वळवायला काही उरत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, चाकं वळलेली दिसतात आणि गाडी मात्र बाहेरच्या कडेला सरकत राहते. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. त्यात गॅस दिल्यावर वजन मागे सरकतं, पुढचे टायर हलके होतात आणि दुखणं आणखी वाढतं.

खेळातली टेलीमेट्री (गाडीचे आकडे दाखवणारा पडदा) चालू करून टायर फ्रिक्शनचा स्क्रीन एकदा बघा. त्यात चारही टायरांवरची ओढ वेगवेगळी दिसते. वळणात शिरताना पुढचे दोन टायर आधी हद्दीबाहेर जातायत की मागचे, हे डोळ्यांना दिसतं. पुढचे आधी गेले तर ती एन्ट्री, म्हणजे वळणात शिरणं, फुकट गेली. पुढे काहीही केलं तरी ड्रिफ्ट होणार नाही. रिवाइंड (खेळात वेळ मागे नेण्याची सोय) करून वळणाच्या बऱ्याच आधी जा आणि परत या. गाडी भिंतीजवळ असतानाच्या क्षणापर्यंतच मागे जाऊन तिथून ती वाचवत बसण्यात काही शिकायला मिळत नाही.

मग एन्ट्री नेमकी कशी घ्यायची?

चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी सर्वांत भरवशाची रीत म्हणजे स्कँडिनेव्हियन फ्लिक. फिनलंड-स्वीडनकडच्या रॅली चालकांनी बर्फाच्या आणि खडीच्या रस्त्यांवर ती रुजवली. वळण उजवीकडे असेल तर आधी थोडं डावीकडे वळायचं आणि मग झटक्यात उजवीकडे. बेस्टच्या बसमध्ये उभं राहून प्रवास केलाय ना? ड्रायव्हरने एकदा डावीकडे घेऊन लगेच उजवीकडे घेतली की दुसरा झोक पहिल्यापेक्षा मोठा बसतो. गाडीच्या वजनाचं तसंच होतं, आणि त्या दुसऱ्या झोकातच मागचा भाग सुटतो.

समजा, तिसऱ्या गिअरमध्ये साधारण १०० किलोमीटरच्या वेगाने उजव्या वळणाकडे येताय. कंट्रोलरची डावी काठी, म्हणजे स्टिअरिंग, अर्धी डावीकडे न्या. गाडीचं नाक हललं की गॅस पूर्ण सोडा आणि त्याच क्षणी काठी पूर्ण उजवीकडे टाका. ब्रेकला एक हलका टोला द्या, दाबून धरू नका. वजन पुढे आलं, मागचे टायर हलके झाले, आता मागचा भाग डावीकडे निघतो. इथे घाई होते. थांबा. नाक वळणाच्या आतल्या कडेच्याही थोडं आत बघायला लागलं की मगच गॅस द्या, आणि दिलात की भरपूर द्या, कारण आता चारही चाकं फिरलीच पाहिजेत. अर्धवट गॅसवर पुढची चाकं परत ग्रिप पकडतात आणि गाडी सरळ होते.

गॅस सोडण्यापासून परत देण्यापर्यंतचा वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतका असतो असं सुरुवातीला वाटतं. सराव झाला की तो लांबतो.

उलट स्टिअरिंग किती द्यायचं?

आरडब्ल्यूडीपेक्षा फारच कमी. उजव्या वळणात मागचा भाग बाहेर गेल्यावर हात आपसूक डावीकडे जातो. आरडब्ल्यूडीत ते बरोबर असतं. एडब्ल्यूडीत पुढची चाकं डावीकडे वळवून गॅस दिलात तर ती गाडीला डावीकडेच ओढतात, म्हणजे ड्रिफ्टमधून बाहेर काढतात. म्हणून काठी मध्यावर सोडा, किंवा मध्याच्या किंचित अलीकडे-पलीकडे ठेवा. बऱ्याचदा चाकं गाडीच्या रेषेत सरळ ठेवली तरी पुरतं आणि लांब वळणात तर थोडी आतच वळलेली ठेवावी लागतात.

याचा मोठा फायदाही आहे. गाडी प्रमाणाबाहेर फिरायला लागली, स्पिन होणार असं वाटलं, तर उलट स्टिअरिंग आणि फुल गॅस. पुढची चाकं तिला ओढून सरळ करतात. आरडब्ल्यूडीत याच प्रसंगी फुल गॅस दिला तर गाडी गरकन फिरते. एडब्ल्यूडी सावरायला सोपी आणि आडवी करायला अवघड, असा तिचा स्वभाव आहे.

अँगल मध्येच मिटायला लागला तर?

गॅस क्षणभर सोडा, काठी आत टाका, नाक आत आलं की परत गॅस. गॅस सोडल्यावर वजन पुढे येतं, पुढच्या टायरांना ग्रिप मिळते आणि मागचा भाग परत सुटतो. लांब वळणात हे दोन-तीनदा करावं लागतं. ट्रिगर अर्धा धरून तडजोड करू नका. सोडा आणि परत पूर्ण दाबा.

हँडब्रेक वापरला तर चालेल का?

चालेल, पण सवय लावून घेऊ नका. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या हेअरपिन (यू आकाराच्या) वळणांवर तो हवाच, तिथे फ्लिकला जागाच नसते. गॅस सोडून एक छोटा टोला, मागचा भाग निघाला की हँडब्रेक सोडायचा. दाबून धरला तर मागची चाकं लॉक राहतात, वेग मरतो आणि त्या वेगाला चारही चाकं परत फिरवता येत नाहीत. खऱ्या रॅलीच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत हँडब्रेक ओढला की मागच्या चाकांकडे जाणारी ताकद तोडण्याची सोय केलेली असते, ती याच अडचणीसाठी.

शिकायला कोणती गाडी घ्यावी?

माझं मत विचाराल तर निसान स्कायलाइन जीटी-आर, आर३२ किंवा आर३४. १९८९ साली आलेल्या आर३२ मध्ये निसानने अटेसा ई-टीएस नावाची यंत्रणा बसवली. ती एरवी ताकद मागच्या चाकांना देते आणि मागची चाकं घसरायला लागली की ५० टक्क्यांपर्यंत ताकद पुढे पाठवते. त्यामुळे मुळात मागे झुकलेली एडब्ल्यूडी कशी वागते हे तिच्यावर नीट कळतं.

सुबारू इम्प्रेझा थोडी कडक शिक्षक आहे, नाकात जड आणि आळशी एन्ट्रीला माफ न करणारी. फोक्सवॅगन गोल्फ आरसारख्या आडव्या इंजिनाच्या गाड्या सुरुवातीला नको, त्यांचं अंडरस्टिअर फार त्रास देतं. फोर्ड फोकस आरएस मात्र त्याच घराण्यातली असून वेगळी आहे. तिच्या खऱ्या अवतारात ७० टक्क्यांपर्यंत ताकद मागे पाठवता येते आणि फोर्डने तिला चक्क ड्रिफ्ट मोडचं बटण दिलं होतं. रॅली चालक केन ब्लॉकची हूनिकॉर्न, म्हणजे १९६५ च्या मस्टँगवरून केलेली एडब्ल्यूडी गाडी, दिसायला मोह घालते. पुढच्या आवृत्तीत तिची ताकद १,४०० अश्वशक्तीपर्यंत नेली होती. तिच्यावर शिकू नका. एवढ्या ताकदीत एन्ट्रीच्या सगळ्या चुका झाकल्या जातात.

थार किंवा जिम्नीची फोर बाय फोर म्हणजे हेच ना?

नाही. त्या पार्ट-टाइम फोर बाय फोर आहेत. एरवी मागच्या चाकांवर चालतात. फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकत्र जखडले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतं. चिखल-वाळूत ते उत्तम, कोरड्या डांबरावर मात्र वळताना गाडी अडखळते. आपण ज्या एडब्ल्यूडीबद्दल बोलतोय तिच्यात पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल किंवा क्लच मध्ये असतो. १९८० मध्ये जिनिव्हात आलेल्या ऑडी क्वाट्रोपासून ही मांडणी वेगवान गाड्यांत रुळली, आणि १९८२ मध्ये ऑडीने तिच्या जोरावर जागतिक रॅलीत उत्पादकांचं विजेतेपद घेतलं.

सेटिंगमध्ये काय काय बंद करायचं?

ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (चाकं घसरणं आणि गाडी फिरणं आपोआप रोखणाऱ्या सोयी) बंद. ही दोन चालू असताना बाकी सगळी मेहनत वाया जाते. गिअर मॅन्युअल घ्या, क्लचची गरज नाही. ऑटोमॅटिक गिअर नेमका ड्रिफ्टच्या मध्यात वरचा गिअर टाकतो आणि चाकं फिरायची थांबतात. एबीएस चालू ठेवलं तरी हरकत नाही. कंट्रोलरवर खेळत असाल तर स्टिअरिंग स्टँडर्डवर ठेवा. सिम्युलेशन नंतर बघा.

प्रगत कंट्रोलमध्ये जाऊन स्टिअरिंगचा आतला डेडझोन (काठी हलवूनही काही न होणारा मधला भाग) कमी करा. एडब्ल्यूडीत मध्याजवळच्या छोट्या हालचालींवर सगळा खेळ आहे, आणि तिथेच काठी बहिरी असेल तर काय उपयोग?

ट्यून (गाडीच्या जुळणीचे आकडे) सांगा ना.

सांगतो, पण सुरुवातीचा ट्यून म्हणूनच धरा. मधल्या डिफरन्शियलचा बॅलन्स ७० ते ८० टक्के मागे. मागच्या डिफरन्शियलचं ॲक्सिलरेशन ८० च्या वर, म्हणजे दोन्ही मागची चाकं बरोबरीने फिरतील. पुढचं ॲक्सिलरेशन कमी, १५ ते ३०, कारण पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली की गाडी वळायला नकार देते. पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलणं रोखणारा दांडा) मऊ, मागचा कडक. कास्टर (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंग अक्षाचा कललेला कोन) जास्तीत जास्तच्या जवळ. गिअरचं गुणोत्तर असं ठेवा की ज्या वळणावर सराव करताय ते अख्खं वळण तिसऱ्यातच निघेल.

बॅलन्स ९० च्या पुढे नेऊन गाडी जवळजवळ आरडब्ल्यूडी करून टाकणारे बरेच आहेत. त्याला माझा विरोध आहे. मग आरडब्ल्यूडीच घ्या की! पुढच्या चाकांची ओढ शिकण्यासाठीच तर हा खटाटोप आहे.

ड्रिफ्ट सस्पेन्शन बसवलं तर चाकं जास्त वळतात, पण एडब्ल्यूडीत तेवढा उलटा कोन क्वचित लागतो. पैसे टायरमध्ये घाला. साधे स्ट्रीट टायर घ्या, स्लिक (गुळगुळीत रेसिंग टायर) टाळा. ग्रिप जितकी जास्त तितकी चारही चाकं फिरवायला ताकद जास्त लागते.

सराव कुठे करायचा?

मातीवर. डांबरावर सुरू करणाऱ्यांना हे आवडत नाही, पण मातीवर टायर कमी वेगात सुटतात, सगळं संथ घडतं, आणि वजनाचा झोक दिसतो. होरायझन ५ मधल्या मेक्सिकोच्या नकाशात कच्चे रस्ते भरपूर आहेत. एकच वळण निवडा आणि तेच घ्या. मातीवर फ्लिक जमला की पावसातल्या डांबरावर या, मग कोरड्यावर. शेवटी ला ग्रान काल्देरा या ज्वालामुखीवरचे घाटवजा रस्ते. तिथे चढणीला ताकद कमी पडते आणि उतरणीला वजन आपोआप पुढे येतं, म्हणून उतरणीच्या एन्ट्र्या सोप्या जातात.

मेक्सिकोत वाहतूक उजवीकडून चालते. आपला डोळा डावीकडून चालण्याला सरावलेला, त्यामुळे आंधळ्या वळणावर समोरची गाडी कुठून येणार याचा अंदाज सुरुवातीला चुकतो. होरायझन ४ ब्रिटनमध्ये घडतो, तिथे ही अडचण नव्हती.

कीबोर्डवर जमेल का? की कंट्रोलर, स्टिअरिंग व्हील घ्यावंच लागेल?

कीबोर्डवर एडब्ल्यूडी ही आरडब्ल्यूडीपेक्षा सोपी जाते, कारण गॅस बहुतेक वेळा एकतर शून्य नाहीतर पूर्ण असतो. स्टिअरिंगची बटणं मात्र टिचक्या मारत वापरावी लागतील.

तरीही कंट्रोलर घ्यावा. लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत, नवे-जुने सगळे मिळतात. जुना घेत असाल तर दुकानातच लॅपटॉपला लावून बघा: काठी सोडल्यावर खूण बरोबर मध्यावर येते का, आणि उजवा ट्रिगर हळूहळू दाबल्यावर आकडा सलग वाढतो की उड्या मारतो. काठी हात न लावता सरकत असेल तर आतला सेन्सर झिजलाय. तो घेऊ नका. हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणाऱ्या) सेन्सरच्या काठ्यांमध्ये घासणारा भाग नसल्याने त्या जास्त टिकतात.

व्हीलचा आनंद मोठा आहे, पण वन रूम किचनमध्ये ते लावायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे. हलक्या टेबलावर क्लॅम्प धरत नाही, आणि फोर्स फीडबॅकची (व्हीलमधल्या मोटरच्या जोराची) घरघर मध्यरात्री खालच्या मजल्यावर ऐकू जाते. लॉजिटेक जी२९ सारखं व्हील ९०० अंश फिरतं. होरायझनमध्ये ड्रिफ्टसाठी ते सुमारे ५४० वर आणा, नाहीतर फ्लिकच्या वेळी हात पुरत नाहीत.

माझं टायमिंग बरोबर असतं तरी गाडी उशिरा वळते.

टीव्हीचा गेम मोड चालू आहे का बघा. घरच्या टीव्हीवर चित्र सुधारण्याची प्रक्रिया चालू असेल तर बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत जाणवेल इतका उशीर होतो. एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एसवर ग्राफिक्स परफॉर्मन्सला ठेवा म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम मिळतील.

ड्रिफ्ट झोनमध्ये (ड्रिफ्टवर गुण मिळणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यात) एडब्ल्यूडीला गुण कमी पडतात का?

उलट. गुण अँगलसोबत वेगावरही मिळतात, आणि एडब्ल्यूडी वेग सोडत नाही. अँगल थोडा कमी ठेवून लांब, सलग, वेगवान ड्रिफ्ट काढा. झोनमध्ये शिरण्याआधीच गाडी आडवी असू द्या.

ड्रिफ्टच्या लॉबीतून (ऑनलाइन एकत्र खेळायच्या गटातून) मला एडब्ल्यूडी आहे म्हणून काढून टाकतात. हा अन्याय नाही का?

ज्याची लॉबी त्याचा नियम, तो पाळा. त्याला कारणही आहे. दोन गाड्या चिकटून ड्रिफ्ट करतात तेव्हा दोघींची रेषा आणि वेग जुळावा लागतो. एडब्ल्यूडी वळणातून बाहेर पडताना झपकन पुढे निघते आणि पुढच्याच्या दारात घुसते. अमेरिकेतल्या फॉर्म्युला ड्रिफ्ट स्पर्धेतही फक्त आरडब्ल्यूडीच चालते. पण एडब्ल्यूडी म्हणजे खोटा ड्रिफ्ट, असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. चारही चाकं घसरवत वळण काढण्याची कला रॅलीतून आलेली आहे. चार-पाच मित्र जमवून एडब्ल्यूडीचीच लॉबी काढा. सगळ्यांची ओढ सारखी असली की जोडीने ड्रिफ्ट सुरेख होतो.

खेळात जमलं. आता रात्री बीकेसीला किंवा मरीन ड्राइव्हला बाबांच्या गाडीवर करून बघू का?

नाही. रस्त्यावर दुसऱ्या कोणाचा तरी जीव असतो आणि तिथे रिवाइंड नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक चालवण्यासाठी आणि १८९ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते तेव्हा ग्रिप किती अचानक जाते, हे खेळ सांगू शकत नाही. ते सीटमधून कळतं आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. खरंच चालवायचं असेल तर चेन्नई, कोईमतूर आणि ग्रेटर नोएडाला ट्रॅक आहेत. पैसे साठवा आणि तिथे जा.

एक वळण जमतं, पण डावीकडून उजवीकडे जोडून घेताना गाडी सरळ होते.

कारण पहिल्या वळणाच्या शेवटी तुम्ही गाडी पूर्ण सरळ होऊ देता आणि मग दुसऱ्यासाठी नव्याने फ्लिक शोधता. पहिला ड्रिफ्ट हाच दुसऱ्याचा फ्लिक आहे. डाव्या वळणात मागचा भाग उजवीकडे गेलेला असतो. वळण संपायच्या थोडं आधीच गॅस सोडा आणि काठी उजवीकडे टाका. वजन एका बाजूवरून दुसरीवर जाईल, मागचा भाग स्वतःहून डावीकडे झुलेल. तो मध्यातून जात असताना गॅसला हात लावू नका. तिथेच दिलात की पुढची चाकं पकडतात आणि झोक मरतो. मध्य ओलांडून नाक नव्या वळणाच्या आत आलं की मग पूर्ण गॅस. दोन वळणांमधलं अंतर लांब असेल तर पहिला ड्रिफ्ट मुद्दाम लांबवा, म्हणजे सरळ पट्टा छोटा होतो. तरीही गाडी सरळ होत असेल तर मागचा अँटी-रोल बार आणखी थोडा कडक करा आणि तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर लावून बघा.